आजीबाईंना लिहिलेली पत्रं: पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ती स्वातंत्र्याची हद्द

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना काही शब्द आपल्याकडे फार सहज वापरले जातात. 'व्यक्तिस्वातंत्र्य' हा त्यातला एक. 'एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात व्यक्तिस्वातंत्र्याची जाणीव' असं शीर्षक टाकलं की प्रस्तावाला वजन येतं, मार्गदर्शकही मान डोलावतात. माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानाचं, त्यामुळे कुठलीही राशी दिसली की तिचं एकक काय हे विचारायची खोड लागली आहे. प्रॅक्टिकलच्या वहीत नुसता आकडा लिहिला आणि एकक विसरलं की लाल रेघ ठरलेली. इतिहासातल्या शब्दांनाही हाच नियम लावावा असं मला वाटतं. स्वातंत्र्य म्हणजे कोणापासून? कशासाठी? आणि ते कुठे संपतं हे ठरवणार कोण?

हे प्रश्न तपासायला आपल्याकडे एक उत्तम प्रकरण आहे. इंग्लंडमध्ये १८८४-८५ च्या सुमारास दोन स्त्रियांमध्ये पत्रातून वाद झाला. दोघी ख्रिस्ती. दोघींच्या हातात तेच बायबल. एक इंग्रज मठवासिनी, सिस्टर जेराल्डिन. दुसरी पंडिता रमाबाई. आपल्याला सवय असते ती 'धर्म विरुद्ध स्वातंत्र्य' अशी जोडी लावायची. इथे ती जोडी लागूच पडत नाही, कारण स्वातंत्र्याला मर्यादा आहे हे दोघींनाही मान्य होतं. भांडण होतं ते हद्द कुठे आखायची आणि कोणी आखायची यावर.

रमाबाईंचं चरित्र बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून धावतं सांगतो. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, त्यासाठी समाजाचा रोष घेतला. दुष्काळात आईवडील गेले. पुढे कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी १८८० मध्ये नोंदणी पद्धतीने लग्न, मनोरमेचा जन्म, आणि १८८२ मध्ये वैधव्य. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज आणि हंटर आयोगासमोर साक्ष. १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षण घ्यायचं मनात धरून इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या 'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन' या अँग्लिकन मठाने त्यांना आश्रय दिला. याच मठाच्या भगिनी पुण्यात काम करत होत्या, तिथूनच ओळख झालेली. राहण्याखाण्याच्या बदल्यात रमाबाईंनी भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचं ठरलं. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

या तारखेच्या थोडं आधी वाँटेजमध्येच एक भयंकर गोष्ट घडली होती. रमाबाईंबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती केलं जाईल या भीतीने त्यांच्या मनाचा तोल गेला, असं मॅक्सम्युल्लरने पुढे लिहिलं. जबरदस्तीचा पुरावा नाही. पण परक्या देशात, परक्याच्या अन्नावर असलेल्या बाईला 'तुझ्यावर सक्ती नाही' हे वाक्य कसं ऐकू येत असेल, याचा विचार ही पत्रं वाचताना सतत मनात ठेवावा लागतो.

आता साधनाबद्दल, कारण संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला, संपादक अ. भि. शहा. पण पत्रं मुळात जमवली, लावली आणि त्यांवर टिपणं लिहिली ती सिस्टर जेराल्डिन यांनी. म्हणजे वादातल्या एका पक्षाने तयार केलेली ही फाइल आहे. कोणतं पत्र ठेवायचं, कोणतं कुठे लावायचं, कुठे 'हा तिचा हट्टीपणा' अशा अर्थाची टीप टाकायची, हे सगळं त्यांच्या हातात होतं. उपकरणातच झुकाव असेल तर वाचन फेकून द्यायचं नसतं, झुकाव किती आणि कुठल्या बाजूला हे काढून वाचन दुरुस्त करायचं असतं. इथे ते जमतं, कारण जेराल्डिन प्रामाणिक होत्या. आपल्याला झोंबलेली, आपल्या विरोधात जाणारी पत्रंही त्यांनी ठेवली. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत आणि पत्रातही तोच मायना असे. वाद तापलेला असतानाही हे नातं तुटलं नाही, आणि नातं होतं म्हणूनच वाद इतका मोकळेपणाने झाला, असं माझं वाचन आहे.

पहिली ठिणगी शिकवण्यावरून पडली. रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. भारतात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा प्रस्ताव पुढे आला. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील अनुकूल होत्या. मठाने भारतातल्या बिशपांचा सल्ला मागवला. लाहोर आणि मुंबईचे बिशप म्हणाले, मुळीच नाही. तरुण पुरुषांना शिकवलेलं कळलं तर भारतात हिच्याबद्दल गैरसमज होईल, पुढच्या कामावर पाणी पडेल.

रमाबाईंना हे वाचून हसू आलं असावं आणि रागही. त्यांनी उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा: माझ्या आईने पुरुषांना शिकवलं तेव्हा माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, मी शिकवलं तेव्हा नवऱ्याने घेतली नाही, आणि आता इंग्रज लोक घेताहेत याचं नवल वाटतं. भर सभेत शास्त्रीपंडितांसमोर बोललेल्या बाईला 'तुझ्या देशात हे चालणार नाही' हे इंग्रज बिशप सांगत होते! शिवाय हा निर्णय आपल्याला न विचारता, आपल्याबद्दल परस्पर पत्रं धाडून घेतला गेला, ही त्यांची खरी तक्रार होती. बिशपांच्या मताशी त्या असहमत होत्याच. पण मत बरोबर असतं तरीही पद्धत चूक, असा हा मुद्दा आहे. हा फरक नीट पाहा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

दुसरी ठिणगी स्वयंपाकघरातली. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खात नसत. जेराल्डिनना यात जातीचा अभिमान शिल्लक राहिलेला दिसला. रमाबाईंचं उत्तर मिस्कील आहे. पुडिंग, भात, पाणी, पायमोजे, रोज जळणारा कोळसा, हव्या त्या वस्तूत माझा गर्व शोधा, असं म्हणून त्या गंभीर होतात: मला हिंदू म्हणवून घ्यायला आवडतं, कारण मी ती आहे, पूर्वजांच्या ज्या चालीरीती कोणाला अपाय करत नाहीत त्या मी शक्य तितक्या पाळते. एखादी इंग्रज बाई भारतात राहिली आणि तिने आपल्या सवयी बदलल्या नाहीत तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का? क्रॉसवरच्या लॅटिन अक्षरांवरूनही असाच खटका उडाला. ब्राह्मण संस्कृतला देवभाषा मानतात तसंच तुम्ही लॅटिनला मानता का, असा त्यांचा सवाल होता. त्यांना तिथे संस्कृत अक्षरं हवी होती.

खाण्याचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण ख्रिस्ती परंपरेत स्वातंत्र्याचा जुन्यातला जुना वाद खाण्यावरच झालेला आहे. पौलाने करिंथ इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा प्रश्न घेतला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ते खाल्ल्याने काही बिघडत नाही, पण तुझं खाणं पाहून एखाद्याच्या कच्च्या श्रद्धेला ठेच लागत असेल तर तू सोड. म्हणजे मोकळीक आहे, आणि शेजाऱ्याचं हित ही तिची हद्द आहे. 'कोणाला अपाय होत नाही' ही रमाबाईंची कसोटी या चौकटीत नेमकी बसते. मठाच्या लोकांना जे जातीचं अवशेष वाटलं, ते ख्रिस्ती तर्कानेच मांडलेलं होतं.

तिसरा वाद सिद्धांताचा, आणि तो सगळ्यात खोल. त्रैक्य, अथनेशियन मतांगीकार, चर्चच्या परंपरेचा अधिकार यांवर रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. हे मी बायबलात शोधलं, मला सापडलं नाही, तर केवळ चर्च सांगतं म्हणून कसं मानू? अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनेलाही त्या जाऊन बसत. मे १८८५ मधलं त्यांचं जेराल्डिनना लिहिलेलं पत्र या विषयातलं मुख्य साधन समजायला हरकत नाही. आशय असा: मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, निर्णयशक्ती आहे. देवाने जे करण्याची शक्ती मला दिली ते मलाच विचार करून केलं पाहिजे. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण बिशपच्या किंवा पाद्रीच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. भारतातल्या पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं चढवून घ्यायची तयारी नाही.

इथपर्यंत वाचून बरेच विद्यार्थी 'बघा, व्यक्तिस्वातंत्र्य!' म्हणून पत्र मिटतात. पण त्याच पत्रात दुसरी बाजूही आहे. देवाच्या शब्दाचं आज्ञापालन आणि पाद्र्यांचं संपूर्ण आज्ञापालन या दोन गोष्टी वेगळ्या, असं त्या म्हणतात. म्हणजे आज्ञापालन त्यांनी नाकारलेलं नाही. मनाला येईल ते करणं म्हणजे स्वातंत्र्य, असं त्या कुठेही म्हणत नाहीत. त्यांच्यावर एक धनी आहे, फक्त त्याच्या आणि आपल्या मध्ये मुनीम नको आहे. मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या पुस्तिकेत असाच दुपेडी विचार आहे: श्रद्धेच्या बाबतीत माणूस कोणाचा बांधील नाही, आणि प्रेमापोटी तो सगळ्यांचा सेवक आहे. आजच्या 'माझी मर्जी' वाल्या अर्थाने रमाबाईंचं पत्र उद्धृत करणं म्हणजे मीटरमध्ये मोजलेला आकडा फुटात लिहिणं.

जेराल्डिनची बाजू कमकुवत समजू नका. त्या उच्च-अँग्लिकन परंपरेतल्या, आज्ञापालनाची शपथ घेऊन मठात राहिलेल्या. त्यांच्या दृष्टीने माणसाची बुद्धी स्वतःलाच फसवण्यात पटाईत. दीड हजारांहून जास्त वर्षांच्या मंडळीने प्रार्थनेतून आणि वादातून जे ठरवलं, ते दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीने एकटीने तोलायला घेणं हे त्यांना स्वैरपणाकडे जाणारं वाटलं. खरं स्वातंत्र्य योग्य अधिकाराखाली राहण्यातच आहे, असं त्या प्रामाणिकपणे मानत. यात अधिकार गाजवण्याची हौस नव्हती असं नाही, आणि गोऱ्या मिशनचा तोरा तर होताच. पण मार्गदर्शकाशिवाय शोधनिबंध लिहायला बसलेल्या उत्साही विद्यार्थ्याबद्दल आपले सर जे बोलतात, ते आठवून पाहा. युक्तिवाद तसा अनोळखी नाही.

रमाबाई फेब्रुवारी १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तो ११ मार्चला फिलाडेल्फियात झाला. त्या पुन्हा वाँटेजच्या छायेत आल्या नाहीत. मनोरमेला कोणता धर्मसिद्धांत शिकवायचा यावरची ओढाताण मात्र पत्रातून चालू राहिली.

थोडं वळण घेऊन नाशिकला येतो. आमच्या इंदिरानगरहून शरणपूर रोडला जायला फार वेळ लागत नाही. त्या रस्त्याला नाव देणारं शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वसाहत. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिथले प्रमुख मिशनरी. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडे. त्यांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवत, आणि त्यातली अनेक इथे आणली गेली. त्यांना सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकवलं गेलं, बाप्तिस्म्याबरोबर नवी नावं मिळाली. डेव्हिड लिव्हिंग्स्टनने शेवटच्या मोहिमेसाठी इथून नऊ तरुण नेले. इथेच शिकलेला जेकब वेनराइट नंतर मोहिमेत सामील झाला. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनाच्या वेळीही तो हजर होता. मोंबासाजवळ मुक्त गुलामांची 'फ्रिअर टाउन' ही वसाहत काढायची ठरली तेव्हा सोसायटीने प्राइस यांनाच तिकडे पाठवलं, आणि शरणपूरचे आफ्रिकन ख्रिस्तीही पूर्व आफ्रिकेत कामाला गेले.

कायद्याने ही मुलं मुक्त होती. पण कुठे राहायचं, काय शिकायचं, कोणतं नाव लावायचं, पुढे कुठल्या खंडात जायचं, यातलं बरंचसं ठरवलं ते मिशनने. वसाहतीचं नावच बघा, शरणपूर. आसरा आणि शरणागती, दोन्ही अर्थ एका शब्दात. वाँटेजमध्ये रमाबाई ज्या गोष्टीशी भांडत होत्या ती इथे लहान मुलांच्या बाबतीत विनातक्रार चालली होती, कारण या मुलांकडे आजीबाईंना लिहायला पत्रं नव्हती.

आणि हाच प्रश्न पुढे रमाबाईंच्या दारात येऊन उभा राहिला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. अमेरिकेतल्या देणगीदारांशी आणि इथल्या सुधारकांशी बोली अशी की धर्मशिक्षण सक्तीचं नसेल. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून मनोरमेबरोबर प्रार्थना करत. काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने रान उठवलं, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं: मुलींना आपापल्या देवाची पूजा करायची मोकळीक आहे, तशीच मलाही आहे; येणाऱ्या मुलीला मी बोलवत नाही आणि हाकलणारही नाही.

तत्त्व म्हणून हे बिनतोड आहे. तरी सल्लागारांचा आक्षेप नुसत्या कर्मठपणाचा नव्हता. जिच्या हातून आपल्याला अन्न, वस्त्र, अक्षर मिळतं, जिच्यामुळे केशवपनातून सुटका झाली, ती बाई प्रार्थनेला बसली असताना दहाबारा वर्षांच्या बालविधवेने 'स्वेच्छेने' आत येणं म्हणजे नक्की काय? वाँटेजला रमाबाई आश्रित होत्या. आता अन्न त्यांच्या हातात होतं. त्यांना हे कळत नव्हतं असं वाटत नाही, पण उघडं दार लावून घेणं म्हणजे स्वतःच्या श्रद्धेची लाज बाळगणं, हे त्यांना पटणारं नव्हतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. तिथे धर्मतटस्थतेचा करार उरला नव्हता. शेती, माग, दुग्धालय, छापखाना, प्रार्थना, सगळं घंटेवर चालणारं. जातीचं, सासरचं, वपनाचं बंधन तिथे सुटलं. मिशनच्या शिस्तीचं लागलं.

मुक्तीतून बाहेर पडू इच्छिणाऱ्या मुलीला वाट किती होती? या प्रश्नावर काम करायचं असेल तर जेराल्डिनची फाइल पुरणार नाही. मुक्तीच्या 'मुक्ती प्रेअर बेल' या नियतकालिकात मुलींच्या साक्षी आहेत, पण त्या देणगीदारांसाठी छापलेल्या, म्हणजे इथेही उपकरणाचा झुकाव आधी मोजावा लागतो. उमा चक्रवर्ती, मीरा कोसंबी आणि गौरी विश्वनाथन यांचं लेखन एकापाठोपाठ वाचा. तिघी तीच पत्रं घेतात. विश्वनाथन यांना धर्मांतरातली बंडखोरी महत्त्वाची वाटते, चक्रवर्तींचा भर जात आणि पितृसत्तेवर आहे. एकच साधन वेगवेगळ्या चौकटीत काय काय बोलतं, याचा इतका चांगला सराव दुसरीकडे मिळणं कठीण.

भाषेच्या बाजूने जायचं असेल तर मुक्तीत भाषांतरित होऊन तिथल्याच स्त्रियांच्या हातांनी छापलेलं रमाबाईंचं मराठी बायबल आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं हे काम त्यांनी ५ एप्रिल १९२२ ला निधन होण्यापूर्वी पुरं केलं. क्रॉसवर संस्कृत मागणाऱ्या याच बाईंनी इथे हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले संस्कृत शब्द जाणूनबुजून टाळले. १८८५ आणि १९२२ या दोन टोकांच्या मध्ये काय घडलं, हा एक स्वतंत्र प्रबंध आहे.

आणि नाशिकजवळच राहून काम करायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळक. जलालपूरच्या. नवरा, नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला. सदसद्विवेकबुद्धीचा हक्क त्याने पुरेपूर बजावला. त्याची किंमत काही वर्षं लक्ष्मीबाईंनी वेगळं राहून, नातेवाइकांच्या घरी मोजली. शिवाशिवीचा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्याने, स्वतःच्या वेळाने सोडला आणि मग १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना तारखांची एक वही वेगळी करा. नवऱ्याने काय ठरवलं आणि बायकोला ते कधी कळलं, हे दोन रकाने समोरासमोर लिहीत गेलं की बरंच काही आपोआप दिसायला लागतं.